परतीचे ठोके

खुर्ची मी मागून घेतली. पुढं जे झालं त्याचं खापर मी दुसऱ्या कुणावर फोडणार नाही. आजवर पुष्कळ फोडली.

बोलणी आमच्या कॉलेजच्या ऑफिसात चालली होती. टेबलाच्या अलीकडं मी, सोनाबाई मगदूम, शिरटेक शिक्षण संस्थेची अध्यक्षा, शिक्षण चौथी. शेजारी प्राचार्य. यांचं शिक्षण इतकं झालंय की तोंड उघडायचं कधी हेच विसरून गेलेत. त्यांच्या शेजारी कबड्डीचे तांबोळी मास्तर. पलीकडं रेवती कर्णिक, 'स्पंद' वाहिनीकडून आलेली, तिशीतली, अंगावर साधा सुती कुर्ता आणि आवाज तुपात घोळलेला.

पूर्वी कॉलेजांचे गट नदीच्या हिशोबानं पडायचे. कृष्णेच्या अल्याड-पल्याड सात कॉलेजं, ती आपसांत खेळायची. कवठेगावशी आमचं वैर एकतीस वर्षांचं. आम्ही हरलो की त्यांच्या गावात दिलेल्या आमच्या लेकी वर्षभर टोमणे खायच्या. मग स्पंदनं सगळ्या विद्यापीठांकडून प्रक्षेपणाचे हक्क घेतले आणि नदी राहिली बाजूला. राज्यातून अठरा कॉलेजं उचलायची, त्यांचा एक वरचा गट करायचा, तोच दाखवायचा. बाकीच्यांनी आपापल्या गावात धूळ उडवावी, बघायला कुणी नाही. आणि ज्या कॉलेजचा संघ दिसत नाही तिथं पोरं नाव घालत नाहीत. आमच्याकडं दोनशे बारा उरली होती. दीडशेच्या खाली गेलं की सरकार तुमचं कॉलेज दुसऱ्यात मिसळून टाकतं, पाटीसकट.

कवठेगावचा संघ आमच्यापेक्षा सरस होता. पाच वर्षांत चारदा त्यांनी आम्हाला लोळवलं होतं. तरी स्पंदनं त्यांना सोडलं आणि आम्हाला उचललं. का, असं मी विचारलं नाही. आपलं नाव मोठं आहे हे पटायला माणसाला पुरावा लागत नाही.

प्राचार्यांनी रक्कम वाढवून मागितली. कर्णिकबाई फोन करायला बाहेर गेली, परत आली, थोडी वाढवली. तांबोळी मास्तरांनी नवी मॅट मागितली. पुन्हा बाहेर, पुन्हा फोन. मग मी म्हटलं, "माझी एक अट आहे. प्रत्येक सामन्याला आमच्या संघाच्या मागं, शेवटच्या रेषेला लागून, मला खुर्ची पाहिजे. घरच्या मैदानावर आणि परक्याही. वर काचेच्या खोलीत सोफ्यावर बसून सरबत पिणारी अध्यक्षा मी नव्हे."

"लिहिलं, आक्का," ती म्हणाली. फोन नाही, बाहेर जाणं नाही.

"एवढ्यात?"

"मानाची गोष्ट आहे. त्यात काय विचारायचं?"

मला वाटलं, पोरीला वळण चांगलं आहे. मी सही केली. खाली 'अध्यक्षा' असंही लिहिलं, क्ष-सकट.

आता ते यंत्र काय होतं ते सांगते. मला माझ्या नातीनं, उर्वीनं, समजावलं होतं, तसंच सांगते. खेळणाऱ्या मुलीच्या गळ्याखाली, दोन हाडांच्या मधे, नखाएवढी पट्टी चिकटवतात. ती काळजाचे ठोके मोजते, श्वास मोजते, घाम आणि हातांची ऊब मोजते, आणि त्याच क्षणी सगळं पाठवून देते. घरी बघणाऱ्याच्या मनगटात कडं असतं आणि कानात कुडी. "आज्जी, काळजाला मेंदूकडून एक लगाम आलेला असतो," उर्वी म्हणाली होती. "त्या लगामाची एक फांदी कानाच्या पाळीत येते. कुडी तिथं मुंगी चावल्याएवढी वीज देते आणि लगाम सैल करते किंवा ओढते. मग बघणाऱ्याचं काळीज खेळणाऱ्याच्या काळजाच्या चालीनं चालायला लागतं. कड्यानं हात गार पडतो किंवा तापतो. शरीराला कळत नाही की हे आपलं नव्हे."

मी म्हटलं, म्हणजे गोठ्यात एक म्हैस बुजली की बाकीच्याही दावं तोडतात तसं. साप एकीनंच बघितलेला असतो.

"तसंच," ती म्हणाली. "फक्त गोठा राज्याएवढा."

लोक खेळ बघत नव्हते, अंगात घेत होते. मी कधी कानाला ती कुडी लावली नाही. मला कशाला लागतंय? मी तर समोर बसणार होते.

उर्वी माझ्या धाकट्या मुलाची लेक. तो आणि सून अपघातात गेले तेव्हा ही तीन वर्षांची होती. मी वाढवली. आता एकोणीस, उंच, काडीसारखी, आणि चढाईला गेली की समोरच्या सात जणींच्या मधून पाणी निथळावं तशी निसटून येणारी. आमच्या घरात पोरांना हात लावायची पद्धत नाही. चुकलं की मी बोलायचं बंद करते, बस. थोरल्यानं कॉलेजात कॉपी केली तेव्हा सतरा दिवस. उर्वी शाळेत असताना तालुक्याला हरून आली तेव्हा नऊ दिवस. जिंकून आली तर कौतुकही नाही. "दुसऱ्या चढाईत डावा पाय उशिरा उचललास," एवढं सांगायचं. त्यानंच पोर सरळ वाढते असं माझं मत. होतं.

गटाचे सामने सुरू झाले. नाशिकला खेळलो, लातूरला खेळलो. मी काठाची इरकल नेसून रेषेमागं बसायची. पाचांतले तीन जिंकलो, पण स्पंदच्या बघणाऱ्यांच्या आकड्यांत अठरा कॉलेजांत आम्ही दुसरे. जिंकणारे खाली आणि आम्ही वर. प्राचार्यांना अर्थ लागेना.

"आक्का, तुमच्यामुळं," कर्णिकबाई म्हणाली.

"पायगुण असतो एकेकाचा," मी म्हटलं आणि पदर सावरला.

मग एका दुपारी कवठेगावचे दादासाहेब खोत आमच्या ऑफिसात आले. तिथले अध्यक्ष. एकतीस वर्षांत माझ्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. जेवणाची वेळ, ऑफिसात मी एकटीच.

"या," मी म्हटलं. "कुलूप लावायला माणूस मिळेना का कवठेगावात?"

"लागलं कुलूप. जूनपासून आमची पोरं इस्लामपूरला जायची." ते बसले. दम लागला होता. "त्यासाठी आलो नाही, सोनाक्का. नातीचा खेळ तू अंगात घेतलास का कधी?"

"मी डोळ्यांनी बघते. देवानं दोन दिलेत."

"मी आता रिकामाच. रोज बघतो." त्यांनी खिशातून डबी काढली. आत कडं आणि कुडी. "लातूरचा सामना. एकदाच लाव. नको वाटलं तर माझ्या तोंडावर फेकून मार, तुझी जुनी हौस आहे."

मी लावली. त्यांच्या हातातल्या पडद्यावर उर्वी मध्यरेषेवर उभी राहिली.

काय सांगू! पोरगी चढाईला निघाली आणि माझ्या छातीत इतकं शांत झालं की चाळीस वर्षांत झालं नव्हतं. तोंडात 'कबड्डी कबड्डी', समोर सात जणी, एकीनं घोट्याला हात घातला, आणि काळीज मात्र डोहातल्या म्हशीसारखं निवांत. हात गरम. मी हसले. म्हटलं, "बघा दादासाहेब, मगदुमांचं रक्त!"

"पुढं बघ," ते म्हणाले.

तिनं दोघींना बाद केलं आणि घराकडं वळली. वळली, आणि माझ्या छातीत कुणीतरी दार लाथेनं उघडलं. ठोके एकावर एक पडायला लागले. तळवे बर्फ. पडद्यावर तर सगळं ठीक होतं, पोरगी जिंकून मध्यरेषा ओलांडत होती, मैत्रिणी टाळ्या वाजवत होत्या.

"मागं काय आहे ते बघ," खोत हळू म्हणाले.

मागं मी होते. इरकल, काठी, ताठ मान.

मी कुडी ओढून काढली. "आनंद होत असेल तिला," मी म्हटलं. "आज्जी बसलेली दिसली की."

"आनंदानं हात गार पडत नाहीत, सोनाक्का."

मला ठाऊक होतं. सोळाव्या वर्षी सासूसमोर दूध उतू गेलं होतं तेव्हाचे हात मी विसरलेले नाही. तेच हात होते. पासष्ट वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या अंगातून मला परत आले होते.

"दर चढाईला," खोत म्हणाले. "जाताना नाही. येताना."

ते डबी तिथंच ठेवून गेले. जाताना टोमणा मारला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

कर्णिकबाईला मी दुसऱ्या दिवशी बोलावलं. तिनं काही लपवलं नाही. लपवायची गरजच नव्हती, सगळं माझ्या सहीखाली होतं.

"आक्का, आनंद टिकत नाही," ती म्हणाली. "गुण मिळाला की बघणाऱ्याच्या अंगातून तो वीस सेकंदांत उतरतो आणि माणूस कडं काढून ठेवतो. भीती अर्धा अर्धा तास राहते. ती उतरायच्या आत दुसरी चढाई आली की माणूस उठत नाही. पण नुसती खेळाची भीती लोकांना लगेच कळते, तिची सवय होते. घरची भीती वेगळी. ती प्रत्येकाच्या ओळखीची असते."

"आणि आमच्या घरची तुम्हाला कुठं सापडली?"

"मागच्या वर्षी चाचणीचे सामने झाले ना, तुम्ही पुढंच बसला होता, त्यात. यंत्रानं राज्यातल्या चारशे कॉलेजांच्या मुली तपासल्या. ठोके कुठं उसळतात आणि त्या वेळी नजर कुठं असते, एवढंच. त्यावर गट पाडले."

कवठेगावचा सरस संघ मागं राहिला, दादासाहेबांच्या कॉलेजला कुलूप लागलं, दोनशे बारा पोरं वाचली. हे सगळं कशावर? माझ्या नातीला माझी भीती वाटते यावर.

मग मला बाकीची मैदानं आठवायला लागली. नाशिकच्या संघामागं बसलेला, सुपारी कातरत एकीकडंच बघणारा बाप. लातूरला एका मुलीचा होणारा नवरा, दर सामन्याला हजर. एके ठिकाणी दोन म्हाताऱ्या बहिणी. मी त्यांना मान डोलावून नमस्कार केला होता. आपल्यासारखीच मोठी माणसं, मला वाटलं होतं.

"अठराही?" मी विचारलं.

"अठराही. फक्त बाकीच्या सतरा ठिकाणी आम्हाला त्या माणसांची मनधरणी करावी लागली." तिनं तुपातल्या आवाजात सांगितलं, "तुम्ही एकट्यांनी स्वतःहून मागितलं. नव्या कराराचा कागद आणलाय मी, पाच वर्षांचा. त्यात फक्त तुमच्या खुर्चीजवळ एक माइक वाढवू. तुम्ही सामना झाल्यावर तिला जे बोलता ना, पायाबियाचं, ते ऐकू यायला पाहिजे."

"आणि मी आलेच नाही तर?"

"तर कॉलेज गटातून बाहेर. तुम्ही मोठ्या आहात, मी काय सांगू?"

मी तिला चहा न देता घालवलं. आमच्या ऑफिसातून चहाविना गेलेली ती पहिलीच.

उर्वी संध्याकाळी सरावावरून आली. परसात नळावर पाय धूत होती. मी पायरीवर उभी राहिले. दोन्ही हातांनी पाय चोळता चोळता ती थांबली, मान खाली तशीच. आजवर मला ते वळण वाटायचं.

"मी खुर्चीत बसते तेव्हा तुला काय होतं?" मी विचारलं.

"काही नाही."

"मी कुडी लावून बघितली."

तिनं नळ बंद केला. मग ती म्हणाली, "मग कशाला विचारतेस?"

"तुला ठाऊक होतं? कंपनीला यासाठीच आपण पाहिजे होतो ते?"

"संघातल्या सगळ्यांना ठाऊक आहे आज्जी. पट्टीचे आकडे आम्हाला दाखवतात की. तांबोळी सरांनी मला दोनदा विचारलं, आक्कांना सांगू का म्हणून. मीच नको म्हटलं."

"का? मला का सांगितलं नाहीस?"

तिनं वर बघितलं. डोळे कोरडे होते. "भ्याले," ती म्हणाली.

एक्याऐंशी वर्षांत असं मला तोंडावर कुणी सांगितलं नव्हतं. मी आत वळले आणि उगीच तांदूळ निवडत बसले. चार दिवस गेले. काय बोलावं? चुकलं म्हणावं तर तो शब्द माझ्या तोंडाला माहीत नाही. रोज ठरवायची, ताट वाढायची, आणि ती जेवून उठेपर्यंत शब्द गोळा होत नसत. मनात मात्र पक्कं केलं होतं. आता त्या खुर्चीत बसायचं नाही. कॉलेज जाईल तर जाऊ दे, पाटी उतरवू. हे मी तिला सांगितलं नाही. मी सांगत नाही, करते. माझी आयुष्यभराची रीत.

पाचव्या दिवशी आमच्याच मैदानावर सामना. उन्हं कलायची वेळ, गाव लोटलेलं. मी घराबाहेर पडले पण मैदानात गेले नाही. कॉलेजच्या ऑफिसात दार लावून बसले, मैदान तिथून पन्नास पावलांवर. पडदा लावला. खोतांच्या डबीतलं कडं आणि कुडी घातली. मला एकदा बघायचं होतं की माझी पोर परत येताना अंगात कशी वाटते, मी नसताना.

पहिली चढाई. शांत, डोहासारखी. एकीला बाद केलं. वळली.

खुर्ची रिकामी होती. कर्णिकबाईनं ती हलवली नव्हती, उलट कॅमेरा तिच्यावर रोखला होता. उर्वीची नजर तिथं गेली आणि माझ्या छातीत असा धक्का बसला की टेबल धरावं लागलं. त्यापुढं लातूरचं काहीच नव्हतं. श्वास आत जाईना. बोटं पांढरी पडली. ठोके एकशे सत्तर, पडद्यावर आकडा लिहून येत होता. आणि ते उतरले नाहीत. दुसऱ्या चढाईला ती तशीच गेली. एकशे ब्याऐंशी. डोह कुठंच नव्हता. 'कबड्डी' तुटायला लागलं. तिला धरली, आपटली. उठली तेव्हा पहिल्यांदा समोरच्या मुलींकडं नाही, खुर्चीकडं बघितलं.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो उजेड नसता पडला तर बरं झालं असतं. चार दिवस मी बोलले नव्हते. पाचव्या दिवशी आलेही नव्हते. मी माझ्या मनानं तिला सोडवत होते. तिच्या हिशोबानं मी अबोला धरला होता. शाळेतला नऊ दिवसांचा होता. हा किती दिवसांचा, तिला ठाऊक नव्हतं.

एकशे शहाण्णव. बघणारे चाळीस लाख, असंही खाली लिहून आलं. इतके कधीच नव्हते. त्यांतल्या एकालाही कुडी काढावीशी वाटली नाही. मला काढता आली असती. पण ती तिथं हे अंगात घेऊन उभी असताना मी कोण काढणारी?

तशीच निघाले. कानात कुडी, हातात कडं, काठी ऑफिसातच राहिली. पन्नास पावलं. माझं म्हातारं काळीज तिच्या चालीनं पळत होतं आणि पाय माझे होते, मधल्यामधे मी. लोकांनी वाट दिली. तांबोळी मास्तरांनी विश्रांती मागून खेळ थांबवला होता. मला बघून धावत आले.

"आक्का, रेषेच्या आत पाय टाकू नका. नियम आहे, संस्थेचं कुणी आत आलं तर संघ बाद. गटातूनच बाद होतो आपण!"

"म्हातारीला रेषा दिसत नाही म्हणून सांगा," मी म्हटलं आणि आत गेले.

शिट्टी वाजली. पंचांनी दोन्ही हात वर केले. मागं प्राचार्य "अहो आक्का, अहो आक्का" करत होते, जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं ते असं. कर्णिकबाई मात्र गप्प उभी होती आणि कॅमेऱ्यांना हातानं खुणावत होती, चालू ठेवा, चालू ठेवा.

उर्वी मॅटच्या मधोमध उभी होती. पट्टी गळ्याखाली तशीच.

"आज्जी, मी काय केलं?" ती म्हणाली. "काय केलं मी?"

मला सांगायचं होतं, काही नाही गं बाळा. चार दिवस जे गोळा होत नव्हतं ते सगळं एकदम तोंडाशी आलं होतं, गोड, मऊ, मलाच ओळखू न येणारं. मी तोंड उघडलं.

आणि कडं बर्फ झालं. कानात आग. ठोके असे उसळले की डोळ्यांपुढं काळं आलं. मी अजून एक अक्षर बोलले नव्हते. माझे ओठ हलले, एवढ्यानंच. चाळीस लाख माणसांनी त्या क्षणी आपापल्या घरात बसून हे ओळखलं असणार, की ही बाई तोंड उघडते तेव्हा काय होतं.

मी तोंड मिटलं. मिटलेलं बघून ठोके आणखी चढले.

बोलले तरी भीती, नाही बोलले तरी भीती. तिसरं काही मला कुणी शिकवलं नव्हतं. उभी होते, उंच होते, तेवढं कमी करता येण्यासारखं होतं. गुडघे धरून मी खाली बसले, तिच्या पायांशी, मॅटवर. हात पुढं केला नाही. पुढं केलेल्या हातानं काय होईल ते मला बघवलं नसतं. नुसती तिच्या पायांच्या बोटांकडं बघत राहिले.

माझ्या छातीतले ठोके मोजत बसले. मोजणं मला येतं, चौथीत तेवढं शिकवतात. दोनशे झाले. चारशे झाले. पंच बाजूला झाले होते. सहाशेपर्यंत मोजलं. ती पळून गेली नव्हती. ठोके उतरलेही नव्हते.

मी पुन्हा एकपासून सुरू केलं.